अंशकालीन कला : जुन्या सातारा जिल्ह्यातील एका शिक्षणविचाराचा मागोवा

शिराळ्याचा मारुती हा समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक. शनिवारी तेथे दर्शनाला येणाऱ्या माणसाला आपण एक शिल्प पाहत आहोत असे सहसा वाटत नाही. त्याच्या लेखी ती मूर्ती शक्तीची, श्रद्धेची, तालमीत उतरण्यापूर्वी करावयाच्या नमस्काराची जागा असते. 'घाट', 'आकृती', 'तोल' ह्या शब्दांची त्याला गरज पडत नाही. ह्याच तालुक्यातला विद्यार्थी मराठी विषय घेऊन पदव्युत्तर वर्गात येतो, तेव्हा मात्र त्याच्यापुढे संवाद, विरोध आणि समतोल ही मर्ढेकरांची लयतत्त्वे ठेवली जातात. कलाकृतीचे मूल्य तिच्या उपयोगावर ठरत नाही, असे त्याला सांगितले जाते. तो ते टिपून घेतो, परीक्षेत उतरवतो आणि गुणही मिळवतो. परंतु त्याने लहानपणापासून पाहिलेली मूर्ती, ऐकलेले भजन, खेळलेले लेझीम आणि ही लयतत्त्वे ह्यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न वर्गात सहसा उपस्थित होत नाही.

ही फारकत ग्रामीण आणि नागर अशा सोप्या विभागणीने समजावून देता येईल, असे आम्हाला वाटत नाही. तिला एक इतिहास आहे आणि त्याची काही महत्त्वाची पाने ह्याच परिसरात लिहिली गेली आहेत. शिराळा ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. ह्या जुन्या, अखंड साताऱ्याच्या मुलखात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिक्षणाविषयीचे दोन मोठे प्रयोग झाले : एक औंध संस्थानात आणि दुसरा कऱ्हाडजवळच्या काले ह्या गावी. मराठीतील आधुनिक सौंदर्यविचाराचा प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या बा. सी. मर्ढेकरांचे मूळ गाव मर्ढे हेही सातारा जिल्ह्यातलेच. औंधने कलेला आचरणाशी बांधले, काल्याने शिक्षणाला श्रमाशी बांधले आणि मर्ढेकरांनी कलेला ह्या सर्व बांधणीतून सोडवले. ह्या तीन विचारांची शाळेच्या खोलीत एकदाही समोरासमोर गाठ पडली नाही. शालेय शिक्षणातील कलेचे आजचे दुय्यम स्थान हा त्या न झालेल्या भेटीचा परिणाम आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन मांडण्यासाठी रा. भा. पाटणकरांच्या एका संकल्पनेचा आधार घेणे सोयीचे होईल. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सौंदर्यमीमांसा' ह्या ग्रंथात पाटणकरांनी सौंदर्यविषयक संकल्पनाव्यूह द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून दिले. एका ध्रुवाशी लौकिकतावादी भूमिका असते. कलेचा ज्ञानाशी, नीतीशी, समाजाशी, माणसाच्या नित्य व्यवहाराशी अतूट संबंध आहे, असे ती मानते. दुसऱ्या ध्रुवाशी अलौकिकतावादी भूमिका असते. कलेचे विश्व स्वायत्त आहे आणि तिचे निकष तिच्यातूनच यावयास हवेत, असे तिचे म्हणणे. प्लेटोपासून कांटपर्यंतचा आणि पुढचाही विचार ह्या दोन ध्रुवांमध्ये कसा हेलकावत राहिला, ह्याचे पाटणकरांनी केलेले विवेचन मराठी विद्यार्थ्याला परिचित आहे. ह्या विवेचनाचा उपयोग आपण साहित्यकृती आणि सिद्धान्त ह्यांच्यापुरताच केला. शाळांच्या इतिहासाकडे त्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम औंध. सुमारे बहात्तर गावांचे आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले हे संस्थान. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे डेक्कन कॉलेजचे पदवीधर, स्वतः चित्रकार आणि कीर्तनकारही होते. १९१६ मध्ये त्यांचे 'चित्ररामायण' प्रसिद्ध झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्यांची प्रेरणा आणि द्रव्यसाहाय्य होते. अजिंठ्यावर त्यांनी १९३२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी संग्रहालय बांधले. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री', पहाडी शैलीतील किरातार्जुनीयाची चित्रे, युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृती आणि हेन्री मूरचे एक शिल्प असा ठेवा एका खेडेवजा राजधानीत येऊन राहिला. हे सर्व करणारा राजा आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे करणाराही होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

चित्र, कीर्तन आणि नमस्कार ह्या तीन गोष्टी बाळासाहेबांच्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हत्या. शरीर तालबद्ध हालचालीने घडवावयाचे, मन कथेने घडवावयाचे आणि ती कथा डोळ्यांपुढे उभी करण्यासाठी चित्र काढावयाचे, अशी ती एकसंध योजना होती. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातील मुलांसाठी संगीत आणि व्यायाम ह्यांची जी जोडी सांगितली, तिची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. त्याच योजनेत श्रीपाद दामोदर सातवळेकरांसारखा माणूस सहज सामावला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रकार म्हणून व्यवसाय केलेले सातवळेकर औंधला आले आणि तेथे स्वाध्याय मंडळ स्थापून त्यांनी वेदवाङ्मयाच्या प्रकाशनाचे प्रचंड काम उभे केले. संस्कृत घरबसल्या शिकता यावे म्हणून त्यांनी पाठमाला लिहिली. कुंचला आणि वेदाध्ययन ह्या दोहोंचा एकाच माणसाच्या आयुष्यात असा संगम होणे, हे औंधच्या हवेचेच लक्षण म्हणावयास हवे.

पाटणकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर औंधचा विचार लौकिकतावादी ध्रुवाशी स्थिरावलेला होता. चित्र रामकथेसाठी, कीर्तन सदाचारासाठी, नमस्कार आरोग्यासाठी. ह्या भूमिकेचे सामर्थ्य मोठे आहे. कलेला शाळेत जागा कशासाठी द्यावयाची, ह्या प्रश्नाला तिच्याजवळ तत्काळ उत्तर असते. त्याचबरोबर तिचा दुबळेपणाही त्या उत्तरातच असतो. कला ज्या हेतूसाठी आणली, तो हेतू अन्य मार्गाने अधिक स्वस्तात साधता आला तर कलेची गरज उरत नाही. सदाचार शिकवण्यासाठी नीतिपाठ पुरेसा वाटू लागला, आरोग्यासाठी कवायत पुरेशी वाटू लागली, की चित्र आणि कीर्तन मागे पडणार हे ठरलेलेच. शिवाय ही सारी योजना एका व्यक्तीच्या रसिकतेवर आणि सत्तेवर उभी होती. १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाने औंधच्या प्रजेला स्वराज्याची घटना मिळाली; १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. संग्रहालय राहिले, पण संग्रहालय आणि शाळा ह्यांना जोडणारा धागा राहिला नाही.

तरीही औंधच्या शाळेतून गेलेल्यांची नावे पाहिली तर त्या हवेने काय केले असावे ह्याची कल्पना येते. साने गुरुजी काही काळ तेथे शिकले. ग. दि. माडगूळकर तेथे शिकले. आटपाडीचे शंकरराव खरातही औंधच्या शाळेत होते. पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्या तिघांचे साहित्य एकाच शाळेने घडवले असे म्हणणे अतिशयोक्त होईल, कारण प्रत्येकाची सामाजिक भूमी वेगळी आणि प्रत्येकाचा झगडा वेगळा. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने कैद्यांची खुली वसाहत केली. 'दो आँखें बारह हाथ' ह्या १९५७ च्या चित्रपटाच्या कथेमागे त्या प्रयोगाची प्रेरणा होती असे मानले जाते आणि ती कथा माडगूळकरांची होती. मॅट्रिकच्या परीक्षेत अपयशी ठरलेल्या ह्या विद्यार्थ्याने त्या मुलखातून काय उचलले, ते गुणपत्रिकेत मावण्यासारखे नव्हते.

आता दुसरा प्रयोग. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. हा निव्वळ योगायोग आहे. पण दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की महाराष्ट्राच्या वाट्याला कोणता प्रश्न आला होता ते स्पष्ट होते. भाऊरावांपुढचा प्रश्न मुलाने काय शिकावे ह्याच्या आधीचा होता. मुलाला शाळेत यावयास मिळणार की नाही, आल्यास त्याच्या पोटाला काय मिळणार आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसणार की नाही, हे ते प्रश्न. किर्लोस्करांच्या नांगरांच्या प्रसारासाठी गावोगाव हिंडलेल्या ह्या माणसाला शेतकऱ्याच्या घरातील दारिद्र्य प्रत्यक्ष माहीत होते. म्हणून १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात मुले स्वतःच स्वयंपाक करीत, शेतात राबत, बांधकामावर काम करीत आणि शिकत. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ह्या योजनेने तेच तत्त्व उच्च शिक्षणात नेले.

रयतच्या विचारात कलेला स्थान का नव्हते, असा प्रश्न विचारणे अन्याय्य ठरेल. उंबरठाच ओलांडता येत नसलेल्या मुलाच्या संदर्भात भिंतीवरील चित्राची चर्चा आधी करता येत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. श्रमाला शिक्षणात प्रतिष्ठा देताना श्रमातल्या घडणीचे, म्हणजे हातांनी एखादी वस्तू नीट, नेटकी, देखणी करण्यातल्या आनंदाचे, शास्त्र मात्र उभे राहिले नाही. ते सेवाग्रामला उभे राहू पाहत होते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात मूलोद्योगाबरोबर चित्रकला आणि संगीत ह्यांचाही समावेश होता. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामात मुलांना कला शिकवीत होते. त्या अनुभवातून त्यांनी 'शिक्षा का वाहन : कला' हे हिंदी पुस्तक लिहिले. कला हा वेळापत्रकातला आणखी एक विषय नसून सर्वच शिक्षण जिच्यावरून वाहून न्यावे असे ते वाहन आहे, अशी त्यांची भूमिका पुस्तकाच्या नावातच व्यक्त होते. हर्बर्ट रीडचे 'एज्युकेशन थ्रू आर्ट' १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले होते, म्हणजे हा विचार त्या काळी जगातही घडत होता. परंतु मूलोद्योगाच्या शाळा राज्यव्यवस्थेने फार काळ जोपासल्या नाहीत आणि सेवाग्रामचा हा धागा सातारा-सांगलीच्या शाळांपर्यंत पोहोचला नाही.

तिसरे टोक मर्ढेकरांचे. १९३७ मध्ये त्यांचे 'आर्ट्स अँड मॅन' प्रसिद्ध झाले, १९५५ मध्ये 'सौंदर्य आणि साहित्य'. कलेची चिकित्सा करताना बोध, नीती, समाजहित ही मापे बाजूला ठेवून कलाकृतीतील घटकांच्या लयबद्ध संघटनेकडे पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. मराठी समीक्षेला त्या आग्रहाने जी शिस्त लावली, तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या विचाराचा संसार विद्यापीठातच झाला. साहित्यात कोणते मूल्य महत्त्वाचे ह्यावर वाद झडले, परिसंवाद झाले, प्रबंध लिहिले गेले. ह्या वादाचा सहा वर्षांच्या मुलाच्या पाटीशी काही संबंध असू शकतो, हे मात्र कोणाच्या फारसे मनात आले नाही.

वस्तुतः तो संबंध फार जवळचा आहे. मर्ढेकरांचे विवेचन इंद्रियसंवेदनांपासून सुरू होते. रंगाशी रंगाचे, रेषेशी रेषेचे, स्वराशी स्वराचे जे नाते असते, ते ओळखण्याच्या क्षमतेतून सौंदर्यानुभव उभा राहतो, असे त्यांनी मानले. ही क्षमता पदव्युत्तर वर्गात जन्माला येत नाही. ती डोळ्यांना आणि कानांना लहानपणीच लागणारी सवय आहे. दोन हिरव्या रंगांतला फरक पाहणे, ठेका चुकला हे कानाला कळणे, ओळीत एक मात्रा कमी पडली हे जिभेला जाणवणे, ह्या गोष्टी शिकवणारा दुसरा कोणताही विषय शाळेत नाही. म्हणजे कलेला शाळेत जागा द्यावी ह्याचे सर्वांत भक्कम समर्थन स्वायत्ततावादी ध्रुवाशीच होते. औंधच्या भूमिकेला जे उत्तर देता येत नव्हते, ते मर्ढेकरांच्या विचारात होते. कलेच्या जागी दुसरे काही का चालणार नाही, ह्याचे ते उत्तर. पण ते विद्यापीठाच्या आवाराबाहेर आलेच नाही.

ह्या अनुपस्थितीचा परिणाम कायद्याच्या भाषेत वाचता येतो. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचे असावे अशी शिफारस केली. त्यानंतर चार वर्षांनी, २००९ मध्ये, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी शिक्षक किती आणि कोणते असावेत हे सांगितले आहे. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा ह्यांसाठी शिक्षक हवेत. कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण ह्या तिन्हींसाठी अंशकालीन निदेशक, आणि तेही विद्यार्थ्यांची संख्या शंभराहून अधिक असेल तर. ही त्रयी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. शारीरिक शिक्षण हा बाळासाहेबांच्या नमस्काराचा वारसा, कार्यशिक्षण हा भाऊरावांच्या श्रमाचा आणि गांधीजींच्या मूलोद्योगाचा वारसा आणि तिसरी कला. जुन्या साताऱ्याने ज्या गोष्टींसाठी आयुष्ये वेचली, त्या कायद्याने एका ओळीत बसवल्या आणि तिघींनाही 'अंशकालीन' हे एकच विशेषण दिले. डोंगराळ भागातील लहान पटाच्या शाळांना तर तेवढेही मिळण्याची हमी नाही. शिराळ्याच्या पश्चिमेस, वारणेच्या खोऱ्यात चांदोलीकडे जाऊ लागले की ज्या वाड्यावस्त्या लागतात, त्यांच्या दृष्टीने शंभराची अट म्हणजे नकारच होय. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या आधारे दहावीत वाढीव गुणही मिळतात. पण तेथे कला गुणांसाठी येते, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच कशाचे तरी साधन म्हणून. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम ह्यांतील कडक भिंती काढण्याची भाषा केली आहे. भिंत काढावयाची तर दोन्ही बाजूंस पूर्णवेळ माणसे लागतात, हे ओघानेच येते.

दोन्ही ध्रुव एकत्र धरता येतात, ह्याचे एक उदाहरण जवळच, कोल्हापुरात आहे. लीला पाटील ह्यांनी १९८५ मध्ये तेथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले. अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव गाठीशी असलेल्या लीलाताईंनी मराठी माध्यमाच्या ह्या प्राथमिक शाळेत मुलाच्या अनुभवाला आणि निर्मितीला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. शाळेच्या नावातील दोन शब्द आपल्या चर्चेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. सृजनासाठी मुलाच्या भोवतालचे लौकिक जग लागते. आनंद मात्र त्या करण्यातच असतो, त्याला बाहेरच्या फळाची गरज नसते. तत्त्वज्ञांना ज्या दोन भूमिकांचा मेळ घालणे अवघड जाते, त्या एका प्राथमिक शाळेच्या नावात शेजारी बसल्या आहेत.

आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांनी ह्यातून काय घ्यावे? एक उदाहरण देतो. शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या एका बाईला गोरक्षनाथांनी जिवंत नाग पूजण्यास दिला, अशी तिची आख्यायिका गावात सांगतात. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली आणि गाव पुन्हा प्रतिमेकडे वळले. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात एक निरीक्षण आहे : जे प्राणी प्रत्यक्षात पाहावयास भय किंवा किळस वाटते, त्यांच्या हुबेहूब प्रतिमा पाहताना मात्र आपल्याला आनंद होतो. हे निरीक्षण समजावून सांगावयास शिराळ्याच्या विद्यार्थ्याइतका योग्य श्रोता कोठे मिळेल? जिवंत नाग आणि मातीचा नाग ह्यांतले अंतर त्याच्या गावाने चर्चेत, न्यायालयात आणि देवघरात अनुभवलेले आहे. प्रतिमा काय देऊ शकते, काय देऊ शकत नाही, ती कशाच्या बदल्यात उभी असते, हे प्रश्न त्याला पुस्तकातून आयात करावे लागत नाहीत. अनुकृती, लौकिक, अलौकिक ह्या संज्ञा तेथून सुरू केल्या तर त्या पाठांतराच्या राहणार नाहीत.

शेवटी आणखी एका लेखकाचे स्मरण अपरिहार्य आहे. शिराळ्याच्या शेजारी, वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० मध्ये अण्णा भाऊ साठे जन्मले. ते शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असे सांगितले जाते. ह्या दीड दिवसाचा उल्लेख आपण बहुधा अण्णा भाऊंच्या प्रतिभेचे कौतुक करण्यासाठी करतो. तो शाळेवरचा आरोप म्हणूनही वाचावयास हवा. जातीने दार बंद केलेल्या त्या शाळेबाहेर पोवाडा होता, तमाशा होता, वारणेकाठच्या माणसांच्या कथा होत्या आणि त्या पूर्णवेळ होत्या. 'फकिरा' लिहिणाऱ्याचे कलाशिक्षण तेथे झाले. आज शाळेचे दार उघडे आहे, हे भाऊराव पाटलांसारख्यांचे देणे. पण त्या उघड्या दारातून आत येणाऱ्या मुलाजवळ पोवाडाही उरला नाही आणि आत चित्रकलेचा शिक्षकही नाही, अशी अवस्था झाली तर त्याचे नुकसान दुहेरी होईल. सौंदर्यशास्त्राचा पेपर शिकवणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातील प्राथमिक शाळांत कलेचा तास कोण घेतो, किती वेळ घेतो आणि त्यात काय होते, ह्याची चौकशी करणे हा त्या पेपराच्याच अभ्यासाचा भाग मानला पाहिजे. मर्ढेकर आणि पाटणकर ज्यांना शिकवावयाचे आहेत, ती मुले आज तेथे बसली आहेत.